यवतमाळ दोन जाळ्यांत

यवतमाळ जिल्ह्याच्या साधारण मधून ७८ अंश पूर्व रेखावृत्त जाते. दारव्हा, दिग्रस, पुसद त्याच्या पश्चिमेला. राळेगाव, पांढरकवडा, वणी पूर्वेला. खुद्द यवतमाळ शहर पूर्वेकडेच, पण रेषेपासून दहा-पंधरा किलोमीटरच आत. जमिनीवर या रेषेची काही खूण नाही. कपाशी आणि तूर दोन्हीकडे सारखीच. उपग्रहाच्या चित्रांवर काम करणाऱ्याला मात्र इथे सरहद्द ओलांडावी लागते. यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे पाडले आहेत आणि त्यांतले दोन महाराष्ट्राच्या वाट्याला आले आहेत: ७२ ते ७८ अंशांचा ४३ वा आणि ७८ ते ८४ अंशांचा ४४ वा. मुंबई, पुणे, नाशिक, लातूर, अकोला पहिल्यात. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली दुसऱ्यात. अमरावती शहर ४३ मध्ये, त्याच जिल्ह्यातले वरूड ४४ मध्ये. आणि यवतमाळ जिल्हा दोन्हींत.

या पुस्तिकेतले सगळे धडे यवतमाळवर बेतले आहेत, ते या अडचणीमुळेच. पुण्याचा किंवा नागपूरचा जिल्हा घेतला असता तर निम्मे प्रश्न उद्भवलेच नसते, आणि पुढे कधी उद्भवले असते तेव्हा वाचक एकटा पडला असता.

प्रश्न साधा धरू. पावसात खंड पडला की जिल्ह्यातल्या कोणत्या उतारांवरची पिके आधी सुकतात? उत्तरासाठी लागणारे सगळे साहित्य आज फुकट मिळते. जमिनीची उंची एसआरटीएममधून घ्यावी. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने ११ दिवस रडार फिरवून ती मोजली. पिकांचा हिरवेपणा सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या चित्रांतून किंवा मोडिस या संवेदकाच्या सोळा दिवसांच्या संमिश्र चित्रांतून मिळतो. पाऊस भारतीय हवामान विभागाच्या पाव अंशाच्या जाळीतून, आणि शेत कुठे, झाड कुठे, पाणी कुठे हे युरोपीय अवकाश संस्थेच्या वर्ल्डकव्हर नकाशातून. पाच फायली उतरवून घ्यायला फार वेळ लागत नाही. खरे काम त्यानंतर सुरू होते, कारण या पाचांपैकी क्वचितच दोघींचे आपसांत पटते. एसआरटीएम, वर्ल्डकव्हर आणि पाऊस अक्षांश-रेखांशांत आहेत, पण तिघांच्या चौकटींचे आकार वेगळे. सेंटिनेल यूटीएमच्या मीटरांत आहे, तेही दोन पट्ट्यांत विभागलेले. मोडिस साइनुसॉइडल प्रक्षेपणात आहे आणि त्याने पृथ्वी चक्क ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरली आहे. त्याचा ‘२५० मीटर’ म्हणवणारा पिक्सेलही प्रत्यक्षात सुमारे २३२ मीटरचा असतो.

तरीही पाचही फायली क्यूजीआयएसमध्ये उघडल्या तर त्या एकमेकींवर छान बसलेल्या दिसतात. हा त्या सॉफ्टवेअरचा सौजन्यशील स्वभाव आहे, आणि माझ्या मते नवख्यांची सर्वांत जास्त फसगत तोच करतो. प्रत्येक थर दाखवताना ते तो तात्पुरता फिरवून, ताणून आपल्यासमोर ठेवते. मूळ फाइल जागची हलत नाही. डोळ्यांना जुळलेले दिसते म्हणून हिशेबाला जुळले असे होत नाही. एका थरातला पिक्सेल दुसऱ्या थरातल्या पिक्सेलने भागायचा असेल, उताराच्या वर्गवारीनुसार हिरवेपणाची सरासरी काढायची असेल, तर चार गोष्टी एक व्हाव्या लागतात: प्रक्षेपण, पिक्सेलचा आकार, जाळीचा आरंभबिंदू आणि व्याप्ती. काही साधने या चारांत फरक दिसला की काम नाकारतात. काही मात्र न विचारता मनाने जुळवून घेतात आणि एक गुळगुळीत, देखणा, चुकीचा नकाशा हातात ठेवतात. नाकारणारी साधने मला अधिक आवडतात.

तालुक्याची सीमा म्हणजे बिंदूंची माळ. प्रक्षेपण बदलले की प्रत्येक बिंदूचे नवे निर्देशांक सूत्राने निघतात आणि सीमा शाबूत राहते. उलट सूत्र लावले तर ती जवळजवळ जशीच्या तशी परत मिळते. रास्टरचे तसे नाही. रास्टर म्हणजे आकड्यांची चौकटबद्ध पाटी, आणि ती फिरवली की जुन्या चौकटी नव्या चौकटींवर नेमक्या कधीच बसत नाहीत. नव्या जाळीतल्या प्रत्येक चौकटीला विचारावे लागते: तुझ्या जागी पूर्वी काय होते? तिथे पूर्वी दोन, तीन, कधी चार चौकटींचे तुकडे होते. त्यांतून एक आकडा ठरवायचा, म्हणजे नवा आकडा तयार करायचा. म्हणून रास्टरचे प्रक्षेपण बदलणे ही निव्वळ हलवाहलव नसते. मोजलेल्या आकड्यांच्या जागी काढलेले आकडे येतात आणि मूळ फाइल जपून ठेवली नसेल तर परतीची वाट राहत नाही. या पुस्तिकेत सांगण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन. बाकीची प्रकरणे तिच्यातूनच निघाली आहेत.

यवतमाळच्या रेषेवर हे फिरवणे किती मोठे आहे ते पाहू. यूटीएममध्ये प्रत्येक पट्ट्याच्या मध्य रेखावृत्ताला पूर्वेकडचा आकडा ५,००,००० मीटर दिलेला असतो. ४३ व्या पट्ट्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंशांवर आहे, ४४ व्याचे ८१ वर. त्यामुळे यवतमाळच्या अक्षांशावर, ठीक ७८ अंशांवर उभ्या असलेल्या बाभळीचा पूर्वेकडचा आकडा एका जाळीत सुमारे ८१३ किलोमीटर निघतो आणि दुसरीत सुमारे १८७. आकडे वेगळे असले तरी सूत्राने त्यांचा मेळ बसतो. खरी पंचाईत कोनाची आहे. पट्ट्याच्या कडेला जाळीची उत्तर खऱ्या उत्तरेपासून ढळलेली असते. यवतमाळजवळ ४३ वा पट्टा एका बाजूला एका अंशाहून थोडा जास्त ढळतो, ४४ वा तितकाच दुसऱ्या बाजूला. म्हणजे दोन्हीकडच्या चित्रांतले पिक्सेल एकमेकांशी दोन अंशांनी तिरके आहेत. दोन अंश ऐकायला क्षुल्लक वाटतात. दहा किलोमीटरच्या अंतरावर त्यांचा फरक साडेतीनशे मीटर होतो, सेंटिनेलच्या हिशेबाने पस्तीस पिक्सेल.

आता थोडे विषयांतर, पण ते टाळवत नाही. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि त्रिकोणांची साखळी उपखंडभर नेण्याचे काम सुरू केले. त्या कामाचा कणा म्हणजे कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेलेला ‘ग्रेट आर्क’, आणि तो साधारण ७८ अंश रेखावृत्ताच्याच आधाराने गेला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे वारले. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्यामागे सूत्रे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आली. या मापनांतून एव्हरेस्टनी पृथ्वीचा जो लंबगोल आकार ठरवला, तो ‘एव्हरेस्ट १८३०’ या नावाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटांत दीड शतकाहून अधिक काळ टिकला. ज्या रेषेवर त्या काळी सर्वांत जपून मोजणी झाली, तीच विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकी लष्कराने आखलेल्या यूटीएम पट्ट्यांची कड निघाली. यात कुणाचा हेतू नव्हता. १८० अंशांपासून सहा-सहाने मोजत आले की ७८ लागणारच.

विषयांतर म्हटले खरे, पण एव्हरेस्टचा लंबगोल आपल्या कामात अजून आहे. त्याचे विषुववृत्तीय अर्धव्यास-माप आजच्या डब्ल्यूजीएस ८४ पेक्षा सुमारे ८६० मीटरने कमी आहे, आणि त्याचे केंद्रही पृथ्वीच्या गुरुत्वमध्यावर नाही. त्याचा उगमबिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूर इथे धरला आहे. गावातला जुना पाझर तलाव, बुजलेला नाला, मोडलेली पांदण शोधायला जुन्या टोपोशीटांसारखे साधन नाही. पण अशी टोपोशीट स्कॅन करून तिच्या कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ चेच आहेत असे गृहीत धरले, तर विदर्भात सगळा नकाशा दीडशे मीटरच्या आसपास सरकतो. तलाव शेजारच्या शेतात जातो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेल्या ओपन सीरीज नकाशांत हा त्रास नाही. ते डब्ल्यूजीएस ८४ वर आणि यूटीएममध्येच आहेत. त्याआधीच्या नकाशांच्या बाबतीत डेटम, म्हणजे लंबगोल आणि त्याचा उगमबिंदू, बदलण्याची पायरी गाळता येत नाही, आणि दुसऱ्या प्रकरणाचा निम्मा भाग तिच्यावरच खर्च झाला आहे.

याच ठिकाणी आणखी एक घोळ होतो. प्रक्षेपणाचे नाव बदलणे आणि प्रक्षेपण बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत, पण मेनूमध्ये ती शेजारीशेजारी बसलेली असतात. पहिल्याने फाइलवरची चिठ्ठी बदलते, आतले आकडे तेच राहतात. दुसऱ्याने आकडे नव्याने काढले जातात. यवतमाळचे चित्र मुळात ४३ व्या पट्ट्यातले असेल आणि कुणी त्यावर ४४ ची चिठ्ठी लावली, तर ते सहा अंश पूर्वेला, ओडिशात बौध जिल्ह्याच्या परिसरात जाऊन बसते. उलट केले तर यवतमाळची कपाशी दमणसमोरच्या अरबी समुद्रात तरंगते. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली, जी दोन सॉफ्टवेअरांनी वेगवेगळा क्रम मानल्यामुळे अजूनही होते, तर जिल्हा थेट आर्क्टिकमध्ये, स्वालबार्डच्या बेटांजवळ पोचतो. या चुका मला परवडणाऱ्या वाटतात, कारण त्या लगेच दिसतात. दीडशे मीटरची किंवा अर्ध्या पिक्सेलची चूक दिसत नाही, आणि ती अहवालात शिरते.

अर्ध्या पिक्सेलचे उदाहरण द्यायचे तर लँडसॅट. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ दोन्ही यूटीएममध्ये, दोन्ही डब्ल्यूजीएस ८४ वर. सेंटिनेलचे १० मीटरचे तीन गुणिले तीन पिक्सेल एकत्र केले की लँडसॅटचा ३० मीटरचा पिक्सेल व्हायला हवा. होत नाही. लँडसॅटच्या जाळीत पिक्सेलचा मध्य तीसच्या पटीत येतो, त्यामुळे त्याची कड १५ मीटरने सरकलेली असते; सेंटिनेलच्या जाळीत कड नेमक्या आकड्यावर असते. प्रक्षेपण एकच, पिक्सेलचे आकार एकमेकांच्या पटीत, आणि तरी जाळ्या जुळत नाहीत. आरंभबिंदू तपासायची सवय लावून घ्या असे तिसऱ्या प्रकरणात वारंवार म्हटले आहे, ते यासाठी.

नवा आकडा कसा काढायचा, म्हणजे रीसॅम्पलिंग, यात यंत्राची नाही, माणसाची अक्कल लागते. उंचीसारखी सलग बदलणारी राशी असेल तर शेजारच्या चार चौकटींतून भारित सरासरी काढणे रास्त आहे. वर्ल्डकव्हरला तेच केले तर काय होते? त्यात शेतजमिनीचा सांकेतिक आकडा ४० आहे, कायमच्या पाण्याचा ८०. तलावाकाठच्या पिक्सेलमध्ये दोघांची सरासरी ६० येते, आणि ६० म्हणजे उघडी, ओसाड जमीन. झाडे १० आणि बांधकाम ५०. त्यांच्या मधोमध ३०, म्हणजे गवताळ कुरण. अशा नकाशात प्रत्येक तलावाला माळरानाची किनार आणि प्रत्येक झाडीदार वस्तीला कुरण लाभते, आणि बघणाऱ्याला ते पटतेही, कारण तलावाकाठी उघडी जमीन असायचीच. सांकेतिक आकड्यांना सर्वांत जवळच्या चौकटीचा आकडा द्यावा. पिक्सेल मोठा करायचा असेल तर ज्याचे बहुमत त्याचा. दुसरा कुठलाही पर्याय तिथे निषिद्ध समजावा.

मोडिसच्या हिरवेपणाच्या थरात वेगळा सापळा आहे. खरी किंमत १०,००० ने गुणून पूर्णांकात साठवलेली असते आणि जिथे माहितीच नाही तिथे उणे ३००० लिहिलेले असते. हा आकडा ‘माहिती नाही’ असा सांगून ठेवला नाही, तर सरासरीत तोही भागीदार होतो. त्याच्या शेजारचे चांगले हिरवे पिक्सेल एकदम रोडावतात आणि दुष्काळ नसलेल्या ठिकाणी दुष्काळ दिसू लागतो.

पावसाच्या जाळीचा मुद्दा रीसॅम्पलिंगच्या पलीकडचा आहे. पाव अंशाची एक चौकट यवतमाळजवळ सुमारे २६ किलोमीटर रुंद आणि पावणेअठ्ठावीस किलोमीटर उंच असते. तिला सेंटिनेलच्या १० मीटरच्या जाळीवर आणले की एका चौकटीचे सुमारे ७२ लाख पिक्सेल होतात. त्या ७२ लाखांत माहिती एकाच आकड्याची आहे. सरासरीने गुळगुळीत केले तर नकाशा आणखी पटण्याजोगा दिसतो आणि आणखी खोटा होतो. एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर किती पाऊस पडला हे सांगितल्याचा आव त्यात येतो. पावसाची तुलना तालुक्याच्या पातळीवर करायची असेल तर बारीक थर जाड करून पावसाच्या जाळीवर न्यावेत, असे माझे मत आहे. सगळे थर सर्वांत बारीक जाळीवर आणण्याची जी रीत पडली आहे, तिला सोयीखेरीज दुसरे समर्थन मला दिसत नाही.

मग आधाराला कोणती जाळी घ्यावी? अक्षांश-रेखांशांत काम करू नये. या अक्षांशावर एका विकलेचा, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाचा पिक्सेल उत्तर-दक्षिण सुमारे ३०.८ मीटर आणि पूर्व-पश्चिम २९ मीटर असतो. दिसतो चौरस, असतो आयत. शिवाय उंची मीटरांत आणि अंतर अंशांत असताना उतार काढायला सांगितला, तर सॉफ्टवेअर एक अंश म्हणजे एक मीटर समजते आणि यवतमाळचे सौम्य पठार नव्वद अंशांच्या कड्यांनी भरून जाते. वेबवरच्या नकाशांसाठी वापरले जाणारे वेब मर्केटर तर क्षेत्रफळाच्या हिशेबाला अजिबात घेऊ नये. यवतमाळच्या अक्षांशावर ते क्षेत्रफळ सुमारे १४ टक्के फुगवते. १३,५८२ चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याला त्यामुळे एखाददोन तालुक्यांएवढी जमीन फुकट मिळते.

राहिले यूटीएम. दोन पट्ट्यांची चित्रे असताना दोन्हींत वेगवेगळे काम करून शेवटी जोडायचे, की एकच पट्टा धरायचा? जाणकारांकडूनही ऐकू येते की पट्ट्याबाहेर यूटीएम चालत नाही. हिशेब करून पाहिला तर ही भीती अनाठायी आहे. सगळा यवतमाळ जिल्हा ४४ व्या पट्ट्यात घेतला, तरी पुसदकडच्या पश्चिम टोकालाही क्षेत्रफळातली चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. दुहेरी रीसॅम्पलिंगने आणि मधल्या जोडाने होणारे नुकसान याहून जास्त असते. म्हणून या पुस्तिकेत ४४ वा पट्टा धरला आहे. अख्खा महाराष्ट्र घ्यायचा असेल आणि प्रश्न क्षेत्रफळाचाच असेल, तर अल्बर्सचे समक्षेत्र शंकू प्रक्षेपण घ्यावे. त्याची कृती परिशिष्टात आहे.

क्लिप करण्याविषयी थोडेच सांगतो, कारण धड्यांत ते सविस्तर आले आहे. जिल्ह्याच्या सीमेने आधी क्लिप करून मग प्रक्षेपण बदलण्याचा मोह होतो, कारण फाइल लहान होते. तसे केले की कडेच्या पिक्सेलना बाहेरच्या बाजूला शेजारीच उरत नाहीत आणि सरासरी लंगडी पडते. आयताकार तुकडा फिरवल्यावर चारी बाजूंना रिकामे त्रिकोण उरतात ते वेगळेच. आधी सैल, चारी बाजूंनी काही किलोमीटर जास्त ठेवून कापावे. मग सगळे थर एकाच वेळी, एकदाच, ठरलेल्या जाळीवर आणावेत. काटेकोर क्लिप शेवटी. ‘एकदाच’ या शब्दावर जोर आहे, कारण प्रत्येक रीसॅम्पलिंग चित्र थोडे पुसते. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या जीडाल या मुक्त साधनात प्रक्षेपण, पिक्सेल, व्याप्ती आणि क्लिप एकाच आज्ञेत सांगता येतात. क्यूजीआयएसच्या खिडक्यांमागेही तेच काम करते, आणि चालवलेली आज्ञा खिडकीत लिहून दाखवते. ती फाइलीशेजारी जपून ठेवावी. दोन वर्षांनी कुणी विचारले तर तेवढाच पुरावा असतो.

यवतमाळच्या सीमेची आणखी एक खोड आहे. दक्षिणेला पैनगंगा आणि ईशान्येला वर्धा, म्हणजे सीमा बऱ्याच ठिकाणी नदीच्या पात्रातून जाते. सीमेने नुसता स्पर्श केलेला पिक्सेल जिल्ह्यात धरायचा, की ज्याचा मध्य आत आहे तोच? दोन्ही पर्याय उपलब्ध आहेत. १० मीटरच्या चित्रात फरक नगण्य असतो. मोडिसच्या पिक्सेलमध्ये मात्र नदीकाठची हिरवी पट्टी जिल्ह्याच्या हिशेबात येते किंवा निसटते, आणि शेजारच्या नांदेडचा हिशेब करणाऱ्याने दुसरा पर्याय निवडला असेल तर तीच पट्टी दोन्ही जिल्ह्यांत मोजली जाते. पाणलोटाचे काम असेल तर जिल्ह्याच्या सीमेने कापूच नये. पाणी वरच्या जिल्ह्यातून येते.

एवढे सगळे आडव्या जुळणीबद्दल झाले. उभ्या जुळणीचा विषय या आवृत्तीत घेतलेला नाही, पण इशारा इथेच दिलेला बरा. एसआरटीएमची उंची ईजीएम ९६ या समुद्रसपाटीसदृश पृष्ठापासून मोजलेली आहे. भुवन पोर्टलवरून मिळणाऱ्या कार्टोडेमची उंची डब्ल्यूजीएस ८४ च्या लंबगोलापासून. आपल्याकडे या दोन पृष्ठांत पन्नास मीटरांहून अधिक अंतर आहे. दोन्ही फायली एकाच जाळीवर, एकाच आरंभबिंदूपासून, पिक्सेलला पिक्सेल लावून बसवल्या आणि एकीतून दुसरी वजा केली, तरी सगळा जिल्हा पन्नासहून जास्त मीटरांनी खचलेला किंवा उचललेला दिसेल, आणि त्यात जाळीचा काही दोष नसेल.